आत्यावर गेलेली मुलगी

शिवांगी चार वर्षांची झाली तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, मुलगी आत्यावर गेली आहे. लांबट चेहरा, डोळ्यांखाली निळसर काळी सावली, वरचा ओठ आखूड आणि तोंड सदा किंचित उघडं. दोघींची एक सवयही सारखीच होती. नाक खाजलं की उजवा तळवा नाकाच्या शेंड्याला लावून तो वर ढकलायच्या. एका दिवाळीला फराळाला शेजारी बसल्या असताना दोघींनी एकाच वेळी तसं केलं आणि सगळं घर हसलं.

बोलणाऱ्यांच्या आवाजात कौतुक नसायचं. ‘आत्यावर गेली’ एवढं म्हणून ते पुढचं गिळून टाकायचे. आत्याला, म्हणजे ज्ञानदाला, हे समजत होतं, तरी तिला ते ऐकायला आवडायचं. त्या घरात तिचं असं फार काही नव्हतं. भावाची मुलगी तिच्यासारखी दिसते, एवढंच होतं.

ज्ञानदा मुळे अडतीस वर्षांची होती. झाशीत दतिया गेटजवळ तिच्या वडिलांचा, लक्ष्मणरावांचा, फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर तो तीच चालवत होती. लग्नाची कामं केव्हाच हातची गेली होती. आता यायची ती परीक्षांचे फॉर्म भरणारी मुलं. पोलीस भरती, रेल्वे, शिक्षक भरती. फोटोखाली नाव आणि तारीख टाकून द्यायची. कॉम्प्युटरवर चेहऱ्यावरचे डाग काढण्यात तिचा हात चांगला बसला होता. डोळ्यांखालचं काळं ती अशा बेतानं पुसायची की मुलाला वाटावं, आपण असेच दिसतो.

एम.ए.ला तिला पहिला वर्ग होता. पण तिशीच्या आत जी सहा-सात स्थळं आली, त्यातलं एकही जमलं नाही. सागर गावच्या मंडळींनी मध्यस्थाजवळ निरोप ठेवला होता, की मुलगी शिकलेली आहे, पण जरा मंद वाटते. तोंड उघडं असतं म्हणून. मध्यस्थ बाईंनी तो निरोप जसाच्या तसा आईला सांगितला, आणि ज्ञानदा तेव्हा पलीकडच्या खोलीतच होती.

तिचा धाकटा भाऊ चैतन्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याची बायको रुपाली साताऱ्याकडची. तिचे वडील फौजेत सुभेदार, झाशीजवळ बबिन्याच्या छावणीत पोस्टिंगवर असताना हे लग्न जमलं. रुपाली बँकेत नोकरी करत होती. मुळ्यांच्या घरातली मराठी हिंदीत मुरलेली, संथ. रुपालीची भराभर आणि मोकळी. ती दिसायला इतकी नेटकी होती की भाजी घेताना भाजीवाल्या बायासुद्धा तिच्याकडे वळून बघायच्या. ज्ञानदाला तिचा हेवा वाटायचा आणि त्याला कशाचं निमित्त द्यावं हे कळायचं नाही, कारण रुपाली वाईट नव्हती. ‘ताई, तुम्ही आधी बसा’ म्हणून गरम पोळी आधी नणंदेच्या ताटात वाढणारी होती. तिच्यात खोट सापडली असती तर ज्ञानदाला सोपं गेलं असतं. एवढं सगळं असून हिच्या मुलीचा चेहरा मात्र माझा आहे, हा विचार ज्ञानदा मनाच्या तळाशी जपून ठेवायची.

शिवांगी सात वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिचा त्रास वाढला. सकाळी उठल्याबरोबर ओळीनं दहा-दहा शिंका. झोपेत ती मोठ्या माणसासारखी घोरायची आणि मधेच दचकून उठायची. रुपालीनं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. चैतन्यला ड्यूटी होती म्हणून ज्ञानदा सोबत गेली.

डॉक्टर निरंजन वयस्क होते, बोलायला शांत. त्यांनी शिवांगीला तोंड बंद करून नाकानं श्वास घ्यायला सांगितलं आणि स्वतः आकडे मोजू लागले. अकरावर तिचं तोंड उघडलं. त्यांनी तिच्या नाकावरची आडवी रेघ बोटानं दाखवली आणि ही कशानं झाली ते माहीत आहे का, असं विचारलं. मग त्यांनीच सांगितलं. ॲलर्जीनं नाक सतत खाजतं, मूल ते तळव्यानं वर ढकलत राहतं, त्याची घडी पडते. नाक आतून सुजलेलं राहिलं की डोळ्यांखालचं रक्त तुंबतं, म्हणून ते काळं. नाकाच्या मागे ॲडिनॉइडची गाठ असते, तीही सुजली आहे. श्वासाला वाट नाही, म्हणून तोंड उघडं. तोंड वर्षानुवर्षं उघडं राहिलं की टाळू अरुंद होतो, दात एकमेकांवर चढतात, चेहरा खाली लांब वाढतो.

रुपाली म्हणाली, “हमारे यहाँ तो सब कहते हैं, बुआ पर गई है.”

डॉक्टरांनी ज्ञानदाकडे पाहिलं. नजर नाकावर, मग ओठांवर आणि मग डोळ्यांखाली फिरली. ग्राहकाच्या चेहऱ्यावरून ज्ञानदाची नजर रोज अशीच फिरायची.

“ये इसका चेहरा नहीं है,” ते म्हणाले. “ये बीमारी का चेहरा है. अभी उम्र है, सँभल जाएगा.”

मग त्यांनी ज्ञानदाला विचारलं, की तुमचं नाक कधीपासून बंद आहे. मला काही झालेलं नाही, असं म्हणून ती बाहेर बाकावर जाऊन बसली.  अडतीस वर्षं ज्याला ती आपला चेहरा समजत होती, तो कुणीतरी दोन मिनिटांत आजार म्हणून सांगितला होता. मुलीचा सावरणार होता. तिच्याबद्दल डॉक्टरांनी काही म्हटलंच नव्हतं.

घरी आल्यावर आई, कमलिनीबाई, मटार सोलत बसल्या होत्या. ज्ञानदानं सगळं सांगितलं आणि विचारलं, की माझ्या लहानपणी कुणाला हे कळलं नाही का. आईनं हातातली शेंग सोलून संपवली. मग तिनं सांगितलं, की कळलं होतं. तू आठ वर्षांची असताना ग्वाल्हेरच्या एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. बाबा घाबरले. भूल दिली आणि पोर उठलंच नाही तर, असं म्हणाले. मोठी झाली की आपोआप जाईल, असं शेजारीपाजारी सांगत होते. मग ते राहूनच गेलं.

“राहून गेलं म्हणजे?” ज्ञानदानं विचारलं.

“राहून गेलं,” आई म्हणाली. “आम्हाला वाटलं, नाकाचंच तर आहे.”

आत रुपालीचा आवाज येत होता. ती चैतन्यला सांगत होती, की एक दिवससुद्धा घालवायचा नाही, कूलरच्या जाळीतलं जुनं, धूळ साचलेलं गवत आजच्या आज काढून फेकायचं. तो आवाज ऐकताना ज्ञानदाला जे वाटलं ते तिनं आजवर कुणाबद्दल इतकं उघड कधी अनुभवलं नव्हतं. तिला त्या सात वर्षांच्या मुलीचा हेवा वाटला. तिच्या रूपाचा नाही, तिच्यासाठी कुणीतरी असं घर डोक्यावर घेतंय याचा.

रुपालीनं खरोखरच घर उलटंपालटं केलं. रजाया उन्हात टाकल्या, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यातून काढायला लागली, खिडकीत घाण करणाऱ्या कबुतरांसाठी जाळी बसवून घेतली. सकाळी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, मग दोन्ही नाकपुड्यांत औषधाचा एकेक फवारा. शिवांगी कुरकुरायची, पण आईपुढे तिचं चालत नव्हतं.

डिसेंबर सरता सरता घोरणं थांबलं. मग डोळ्यांखालचं काळं फिकं व्हायला लागलं. हाडं काही दोन-तीन महिन्यांत बदलत नाहीत, पण सूज उतरली, ओठ मिटायला लागले, झोप पुरी व्हायला लागली, आणि एवढ्यानंच ती वेगळी दिसायला लागली. मिटलेल्या तोंडाची जिवणी रुपालीची होती. ती आतापर्यंत कुणाला दिसलीच नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या प्रमोदिनीकाकू आल्या. शिवांगीनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, तशी त्यांनी तिची हनुवटी धरून वर केली.

“अगं, ही तर अगदी रुपाली,” त्या म्हणाल्या. “आम्ही उगाच आत्या आत्या करत होतो.”

बायका हसल्या. रुपालीचा चेहरा उजळला. ज्ञानदाच्या हातात अत्तरदाणी होती. ती पुढच्या बाईकडे वळली, तिच्या मनगटाला अत्तर लावलं आणि तशीच एकेक करत शेवटपर्यंत गेली. त्या संध्याकाळी स्टुडिओत एका मुलीचा फोटो दुरुस्त करताना तिनं डोळ्यांखालचं काळं तसंच ठेवलं. मुलीनं तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, की तू आहेस तशीच आली आहेस.

फेब्रुवारीच्या शेवटी रुपालीची बदली दोन तासांवरच्या गुरसरायच्या शाखेत झाली. सकाळी सहाला निघावं लागायचं. चैतन्यची पहिली पाळी होती. शिवांगीला उठवून, औषध देऊन शाळेच्या बसमध्ये बसवायचं काम ज्ञानदाकडे आलं. रुपालीनं तिला दोनदा करून दाखवलं. बाटली आधी हलवायची, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरायची. “ताई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही,” असं ती म्हणाली.

पहिले आठ दिवस ज्ञानदानं सगळं नीट केलं. एका सकाळी उशीर झाला, खाली बसचा हॉर्न वाजत होता, शिवांगी रडायला लागली आणि औषध राहिलं. दुसऱ्या दिवशी शिवांगीनंच विचारलं, “आत्या, आज भी रहने दो ना.” ज्ञानदानं राहू दिलं. इथपर्यंत कुणाच्याही हातून झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तिनं बाटली हलवली आणि दोन फवारे बेसिनमध्ये मारले. बाटलीतलं औषध कमी झालेलं दिसायला हवं होतं. शिवांगी दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आत्या आपल्यासाठी हे करते आहे. ती धावत येऊन ज्ञानदाच्या कमरेला बिलगली. “हमारा सीक्रेट,” ती म्हणाली. ज्ञानदानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

असं पाच आठवडे चाललं. मार्चमध्ये गावाबाहेर गव्हाची मळणी सुरू झाली, हवेत भुसा उडायला लागला. शिवांगीच्या शिंका परत आल्या. मग डोळ्यांखालचं काळं आलं. एका दुपारी जेवताना तिनं तळव्यानं नाक वर ढकललं. घास चावताना तिचं तोंड उघडं होतं. ज्ञानदा समोर बसली होती. तिला आतून शांत वाटलं. आपलं हरवलेलं कुणीतरी परत आणून दिल्यासारखं. आपण कशानं शांत झालो हे लक्षात आलं तेव्हा ती अर्धं ताट घेऊन उठली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा दोन फवारे बेसिनमध्ये मारले.

एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू झाला. दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी रुपालीला बोलावलं. मुलगी हाक मारली तर बघत नाही, विचारलेलं दोनदा सांगावं लागतं, आधीच्या बाई म्हणतात पूर्वी अशी नव्हती, थोडी स्लो झाली आहे, असं त्या म्हणाल्या. रुपाली रात्रीच्या जेवणाआधी हे सगळ्यांना सांगत होती.  ज्ञानदा कणीक मळत होती. सागरच्या लोकांचा निरोप तिला आठवला. मुलगी शिकलेली आहे, पण जरा मंद वाटते. तिचे हात थांबले, मग कणकेला पाण्याचा हात लावून ती पुन्हा मळायला लागली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं आहे, म्हणून तिला कमी ऐकू येतं. ॲडिनॉइड परत तेवढंच सुजलं आहे. औषध रोज चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. रुपाली म्हणाली, “एक दिन भी नहीं छोड़ा.” मग ती सोबत आलेल्या ज्ञानदाकडे सहज वळली.

“ताई, तुम्ही रोज दिलंत ना?”

“रोज दिलं,” ज्ञानदा म्हणाली.

डॉक्टरांनी जुने कागद उलटून तारखा पाहिल्या. मग म्हणाले, की पाच महिने नियमित देऊनही औषध लागू पडत नसेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. ॲडिनॉइड काढू आणि कानात बारीक नळ्या बसवू. ऑपरेशन तसं मोठं नाही, पण भूल द्यावी लागेल. पुढचा गुरुवार ठरला.

चैतन्यनं रजा टाकली. आईनं देवापुढे नारळ ठेवला. बाबांसारखीच ती भुलीला घाबरत होती, पण या खेपेला कुणी तिला विचारलं नव्हतं. रुपाली शांतपणे कागदपत्रं गोळा करत होती आणि बाथरूममध्ये जाऊन रडून येत होती. ज्ञानदा स्वतःला सांगत होती, की ऑपरेशन कधीतरी झालंच असतं, माझंही सांगितलंच होतं की, आणि हिचं तर होतंय. हिला सगळंच मिळतंय. असं म्हणताना तिला स्वतःची भीती वाटायला लागली होती.

मंगळवारी दुपारी शाळेच्या बसनं शिवांगीला स्टुडिओपाशी सोडलं. रोजच्यासारखी ती स्टुलावर बसून पाय हलवत राहिली. एक मुलगा फोटो घेऊन गेला. दुकानात दोघीच उरल्या.

“आत्या, ऑपरेशन में काटते हैं?”

ज्ञानदानं सांगितलं, की झोपवून करतात, कळत नाही.

शिवांगी स्टुलावरून उतरली. तिला कमी ऐकू येत असल्यामुळे ती हल्ली मोठ्यानं बोलायची, पण हे तिनं अगदी जवळ येऊन सांगितलं. “मैंने किसी को नहीं बताया. डॉक्टर अंकल ने अकेले में पूछा था, दवा लेती हो? मैंने बोला, हाँ, रोज़.”

ज्ञानदानं तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं, नाकावर रेघ. या चेहऱ्याची तिनं इतकी आस धरली होती, आणि आता तो समोर असताना तिला त्यात स्वतःचं काही दिसेना. एक घाबरलेली मुलगी दिसली. ती परवा भूल घेणार होती आणि तेही आत्याचं गुपित सांभाळून.

तिनं शटर ओढलं आणि शिवांगीला घेऊन ऑटोनं डॉक्टरांकडे गेली. तासभर थांबावं लागलं. आत गेल्यावर तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बेसिनसकट. डॉक्टर निरंजन रागावले नाहीत. त्यांनी गुरुवारच्या यादीवरचं नाव खोडलं. सहा आठवडे औषध खरोखर द्या, मग बघू, असं म्हणाले. आणि हे तुम्ही आजच तिच्या आईला सांगा, माझ्याकडून कळायला नको, एवढं त्यांनी बजावलं.

रुपाली सातला घरी आली. केसांवर रस्त्याची धूळ होती. ती चपला काढायला दारातल्या स्टुलावर बसली, तेवढ्यात ज्ञानदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आई आणि चैतन्य तिथेच होते.

“ऑपरेशन पुढे ढकललंय. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. शिवांगीला मी औषध देत नव्हते. पाच आठवडे दिलं नाही.”

रुपालीच्या हातात एक चप्पल तशीच राहिली.

“पण बाटली संपत होती,” ती म्हणाली.

“बेसिनमध्ये मारत होते.”

चैतन्य उठून उभा राहिला. रुपालीनं त्याला हातानंच थांबवलं. “का?”

“ती रडायची,” ज्ञानदा म्हणाली.

“रडायची म्हणून माणूस एखाद दिवस सोडेल. बेसिनमध्ये का मारलंत, ताई?”

ज्ञानदानं बेसिनकडे पाहिलं. मग म्हणाली, “ती माझ्यासारखी दिसायची. मग दिसेनाशी झाली.”

 रुपाली ओरडली नाही. तिनं दुसरी चप्पल काढली, दोन्ही जोडून भिंतीशी ठेवल्या आणि उठली. बेसिनवरची बाटली घेऊन आपल्या खोलीत नेली. बाहेर आल्यावर म्हणाली, “माझ्या मुलीला औषध तुम्ही द्यायचं नाही. एवढंच.”

त्या दिवसापासून रुपाली पहाटे पाचला उठून शिवांगीला उठवायची आणि औषध देऊन मगच निघायची. ज्ञानदाच्या ताटात पोळी वाढायची, पण ‘ताई’ म्हणणं बंद झालं. चैतन्य महिनाभर तिच्याशी बोलला नाही. एकदाच म्हणाला, की तू असं करशील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.  आईनं फक्त देवापुढचा नारळ उचलून ठेवला. ज्ञानदा खाली मान घालून कामं करत राहिली. आपल्याला माफ करावं असं तिनं कुणाजवळ म्हटलं नाही. तसं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. उजव्या कानातलं पाणी गेलं होतं, डाव्यात थोडं उरलं होतं. ॲडिनॉइड पूर्ण बसलं नव्हतं, पण बरंच कमी होतं. ऑपरेशन आता नको, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू, असं ते म्हणाले. पुढेही ते लागणारच नाही असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. रुपालीनं डोळे पुसले. डॉक्टरांनी मग दारापाशी उभ्या असलेल्या ज्ञानदाला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ज्ञानदानं रुपालीकडे पाहिलं.

“बसा,” रुपाली म्हणाली. “एवढ्या लांब आलोच आहोत.”

डॉक्टरांनी तिचं नाक तपासलं आणि तिलाही औषध लिहून दिलं. चेहऱ्यात आता फरक पडणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पंधरा दिवसांनी ज्ञानदाला सकाळी उठल्यावर घसा कोरडा पडलेला नाही असं जाणवलं. आईनं खाली चहा टाकला होता, आणि त्यातल्या आल्याचा वास तिला वरच्या मजल्यावर आला. ती अंथरुणातच बसून राहिली. एवढं सोपं होतं, या विचारानं तिला आधी रडू आलं आणि मग राग आला. कुणाचा, ते ठरवता आलं नाही.

जुलैत रुपालीला चार दिवस लखनौला ट्रेनिंगला जायचं होतं. चैतन्यची पुन्हा सकाळची पाळी होती. आदल्या संध्याकाळी रुपाली बाटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ती ज्ञानदासमोर ओट्यावर ठेवली.

“शिवांगीला सांगितलंय, औषध झालं की मला रोज फोन करायचा,” ती म्हणाली. “मी विचारणार आहे. तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या.”

“वाटणार नाही,” ज्ञानदा म्हणाली.

रुपाली जायला वळली, मग थांबली. “नळी बाहेरच्या बाजूला धरायची, ताई,” एवढं बोलून गेली.

तीन दिवस नीट गेले. शिवांगी आता तक्रार करत नव्हती. नाक धुवायची, मान जरा पुढे करून उभी राहायची, मग आईला फोन लावायची. चौथ्या दिवशी फोन ठेवल्यावर ती तिथेच रेंगाळली.

“आत्या, आपने तब दवा क्यों बंद की थी? मम्मी ने कहा, आत्या से पूछो.”

ज्ञानदा खाली बसली. ‘तू रडायचीस म्हणून’ असं म्हणता आलं असतं.

“मला तुझा हेवा वाटत होता,” ती म्हणाली.

शिवांगीनं भुवया जवळ आणल्या. “हेवा मतलब?”

घरातली मराठी तिला कळायची, पण हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. या घरात तो कुणी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता. ज्ञानदाला तो हिंदीत सांगावा लागला.

“जलन.”

“मुझसे?”

“हो. तू बरी होत होतीस. मी लहान असताना मला कुणी बरं केलं नव्हतं.”

शिवांगी विचार करत राहिली. तिच्या वर्गात अक्षत नावाचा मुलगा आहे, त्याला नेहमी पहिल्या बाकावर बसवतात, आणि तो तापानं गैरहजर होता तेव्हा तिला बरं वाटलं होतं, असं तिनं सांगितलं. तेही तसंच का, असं विचारलं. ज्ञानदा म्हणाली, की तसंच, पण मी मोठी आहे, आणि मी नुसतं बरं वाटून थांबले नाही. तुला त्रास होईल असं केलं. ते चूक होतं.

“अब भी होती है?”

ज्ञानदानं तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. नाकावरची रेघ अजून होती, पण पुसट.

“कधी कधी,” ती म्हणाली.

शिवांगीनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला पटलं होतं. मग खाली बसचा हॉर्न वाजला आणि तिला एक मोजा सापडेना. दोघी मिळून पलंगाखाली शोधायला लागल्या.